कापडी ट्रकचं मागचं उजवं चाक

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी चार माणसं एक कापडी ट्रक उचलून टेकडीच्या कच्च्या रस्त्याला लागली. ट्रकला इंजिन नव्हतं, तळ नव्हता, छप्परही नव्हतं. बांबूची चौकट, तिच्या चारी बाजूंनी खाकी ताडपत्री, आणि चाकं जिथे असतात तिथे दांडे धरून चालणारी चार माणसं. पाचवी एक बाई आत, ड्रायव्हर बसतो त्या जागी चालत होती. तिच्या गळ्यात मोजपट्टी होती आणि तोंडात शिट्टी.

ही बाई म्हणजे आत्या. वय बासष्ट, तंबू शिवण्याच्या कारखान्याची मालकीण. सख्खा पुतण्या एकच, पण कारखान्यातले कारागीर, समोरचा शिलाई मशीन दुरुस्त करणारा आणि टेकडीवरचा कॅम्पवाला, सगळेच तिला आत्या म्हणतात. पुढचं डावं चाक हा पुतण्या होता आणि पुढचं उजवं त्याची बायको. मागचं डावं चाक मशीनदुरुस्तीवाला. मागचं उजवं चाक आत्याचे यजमान, म्हणजे आतोबा. हे गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांचा एक गुडघा कुरकुरतो, पण या कामाला त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांना विचारलंच नव्हतं.

भांडण आदल्या दिवशी सकाळी कारखान्यातल्या टेबलापाशी झालं होतं, आणि ते हौद्याच्या, म्हणजे गाडीत मागे माल ठेवतात त्या भागाच्या, लांबीवरून होतं. कारखान्याला स्वतःची पिकअप घ्यायची होती, कारण कॅम्पवाल्याने या हंगामापासून अट घातली होती की चार मोठे तंबू आणि त्यांचे बारा खांब एका खेपेत, कारखान्याच्याच गाडीने, वर माळावर पोचवायचे. गाडीचं मॉडेल ठरलं होतं, रंगही ठरला होता. हौदा तेवढा राहिला होता. पाच फुटी की साडेसहा फुटी? शोरूममधल्या विक्रेत्या बाईंनी तीन वाक्यांत सांगितलं होतं. आखूड गाडी वळायला चपळ. लांब गाडी चढावर जास्त स्थिर आणि वजन नीट पेलते. काय ते बुधवारी दुपारी बारापर्यंत कळवा, नंतर बदल होणार नाही.

"आत्या, हौदा दीड फुटाने वाढला की व्हीलबेस पण दीड फुटाने वाढतो," पुतण्या म्हणाला. "पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत एकशे बावीस इंचांचे एकशे चाळीस होतात. नाकापाशी अडकेल गाडी."

नाक म्हणजे टेकडीच्या रस्त्यावरचं शेवटचं वळण. तिथे रस्ता उजवीकडे जवळजवळ उलटा फिरतो. आतल्या बाजूला एक खडक नाकासारखा पुढे आलाय, बाहेरच्या बाजूला काटेरी झुडपांचा उतार आहे आणि वळणाच्या तोंडाशीच जमिनीला उंचवटा आहे.

"आणि तुझ्या आखूड हौद्यात सात फुटी खांब कुठे ठेवू?" आत्या म्हणाली. "तुझ्या मांडीवर?"

"मागचा फाळका उघडा ठेवायचा."

आत्याने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. गेल्या हंगामात भाड्याच्या आखूड गाडीचा फाळका उघडा ठेवूनच खांब नेले होते. चढावर दोरी सैल झाली आणि बारांपैकी नऊ खांब एकामागून एक, शाळा सुटल्यासारखे, रांगेत खाली उतरले. त्यांतला एक अजून सापडलेला नाही.

"पाच बाय पाचच्या हौद्याचा कर्ण सात फुटांहून किंचित जास्त भरतो," आतोबांनी मध्येच सांगितलं. "एक खांब तिरका बसेल."

"एक," आत्या म्हणाली. "बाकीचे अकरा तुम्ही डोक्यावर घ्या."

इथवर भांडण गाडीचं होतं. पुढच्या पाच मिनिटांत ते कात्रीचं झालं.

कारखान्यात बारा इंची पात्याची एकच मोठी कात्री आहे. कापणीच्या टेबलाला ती साखळीने बांधलेली नसते, पण बांधल्यासारखीच असते. तंबूचं कापड बेतायचं आणि कापायचं ते फक्त आत्याने. ज्याच्या हाती कात्री त्याचा शब्द शेवटचा, ही तिथली रीत. पुतण्याची बायको नऊ वर्षं शिलाईवर आहे. तिचा टाका आत्याहून सरळ पडतो, हे आत्यासुद्धा मान्य करते, पाठीमागे. तिला कापणी हवी आहे. घरी ती वर्तमानपत्रांवर बेतून पाहते. तुमच्याकडची रद्दी तुकड्यातुकड्यांनी येते अशी रद्दीवाल्याची तक्रार आहे.

"तुम्हाला नाकाचा एवढा भरवसा असेल तर कात्री लावा पणाला," पुतण्या बोलून गेला. बायकोने टेबलाखालून त्याला लाथ मारली, पण उशिरा. अर्थात, ती उशिराच मारायची होती, असंही काही जणांचं म्हणणं आहे.

"लावली," आत्या म्हणाली. "लांब गाडी नाकावर रिव्हर्स न घेता, एका दमात वळली, तर कात्री माझ्याकडे आणि पुढची पाच वर्षं कोणी त्यावरून तोंड उघडायचं नाही. रिव्हर्स घ्यावा लागला, तर आखूड गाडी आणा आणि कात्री हिला द्या."

"पण गाडी घेण्याआधी कळणार कसं?"

"आपण काय विकतो? लोकांच्या अंगणात न मावणारी वस्तू आधी कापडात करून दाखवतो ना आपण? मग ट्रक पण करू."

सोमवारी दुपारी आत्याने विक्रेत्या बाईंनी दिलेल्या मापांवरून लांब ट्रक बेतला. बोनेट, पुढचा दरवाजा, मागचा दरवाजा, हौदा. दोन्ही बाजूंचे मिळून आठ तुकडे. ताडपत्रीची खालची कड जमिनीपासून नऊ इंचांवर ठेवली, कारण गाडीचं पोट तेवढ्यावर असतं. उंचवट्यावर कापड घासलं, तर गाडी टेकली असं समजायचं. संध्याकाळ झाली, शिवायला वेळ उरला नाही, म्हणून तुकड्यांना पितळी डोळे ठोकून ते कडेला कड लावून दोरीने ओवले. ओवायचं काम सुनेकडे, म्हणजे पुतण्याच्या बायकोकडे होतं. मग नेहमीच्या रीतीप्रमाणे बांबू कापडाच्या मापाने कापले. चौकटीच्या मापाने कापड नाही, कापडाच्या मापाने चौकट. तंबूला हेच बरोबर असतं.

चूक इथे झाली. आत्याचा हात चाळीस वर्षं कापडाच्या प्रत्येक कडेला दोन इंच माया सोडत आला आहे. शिवताना दुमडण्यात ती जाते. हा ट्रक शिवलाच नव्हता, तेव्हा ती कुठेही गेली नाही. दोन चाकांच्या मधल्या तीन जोडांच्या सहा कडा, प्रत्येक कडेचे दोन इंच. एकशे चाळीस इंचांचा ट्रक एकशे बावन्न इंचांचा झाला.

दोरी ओवता ओवता हे एका माणसाच्या लक्षात आलं. सून क्षणभर थांबली, तिने खडूची रेघ आणि कापडाची कड यांच्यामध्ये दोन बोटं ठेवून पाहिली आणि पुढचा डोळा ओवायला घेतला. ट्रक जितका लांब, तितकी कात्री जवळ.

मंगळवारी पावणेअकराला ट्रक नाकापाशी पोचला. वाटेत एक मोटरसायकलवाला बाजूला झाला आणि त्याने चक्क हॉर्न वाजवून वाट दिली.

आत्याने शिट्टी फुंकली. "नियम ऐका. पुढच्या चाकांनी मी सांगेन तिकडे वळायचं. मागच्या चाकांनी वळायचं नाही. मागची चाकं नाकासमोर चालतात. बाजूला एक पाऊल पडलं तर ट्रक बाद."

"हौद्यात माल आहे का रिकामा?" मशीनदुरुस्तीवाल्याने विचारलं.

"तुला काय करायचंय?"

"भरलेला असेल तर मी जरा कण्हत चालेन."

उंचवट्यावरून कापड दोन बोटं वरून गेलं. आत्याने मान हलवली. मग पुतण्या आणि त्याची बायको पार बाहेरच्या कडेपर्यंत गेले आणि उजवीकडे वळायला लागले. चौकट करकरली. लांब गाडी वळताना मागचं आतलं चाक आत कापत जातं, आणि आतलं चाक आतोबा होते. त्यांच्या समोर खडक होता. नियमाप्रमाणे त्यांनी सरळ चालत खडकाला नाक लावायला हवं होतं.

नेमक्या त्याच वेळी आत्या आतून म्हणाली, "काय हो, जमतंय ना?"

लग्नाला सदतीस वर्षं झालेल्या माणसाला या प्रश्नाचं एकच उत्तर येतं.

"जमतंय," आतोबा म्हणाले, आणि डावीकडे सरकले.

कापड पोटरीपर्यंत होतं. आत्या पुढे पाहत होती. मशीनदुरुस्तीवाला कण्हत होता. दहा वाजून त्रेपन्न मिनिटांनी कापडी ट्रक एकही पाऊल मागे न घेता नाकावरून वळला आणि आत्याने इतक्या जोरात शिट्टी फुंकली की माळावरून कॅम्पवाला कोण बुडालं ते पाहायला धावत आला. माळावर पाणी नाही.

उतरताना सून एकटी मागे राहिली. वळणावरच्या धुळीत तिला चपलेचे ठसे दिसले. तीन सरळ, मग दोन आडवे, मग पुन्हा सरळ. डाव्या टाचेला झिजलेली ती चप्पल घरात एकाच माणसाची आहे.

आता तिने काय करावं? आतोबांचं नाव घ्यावं, तर ट्रक बाद होईल. मग आत्या ट्रक पुन्हा मोजेल, आणि पुन्हा मोजला की बारा इंच बाहेर येतील. दोरी कोणी ओवली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तिने पायाने धूळ सारखी केली आणि घरी आली.

बुधवारी साडेअकराला लांब हौद्याची गाडी नोंदवली गेली.

पुढचे सहा आठवडे पुतण्याने एकच वाक्य जमेल तिथे वापरलं. "कापडाचा ट्रक वळला म्हणून लोखंडाचा वळेलच असं नाही." चहा घेताना, कुलूप लावताना, एकदा तर दाढी करणाऱ्याच्या खुर्चीत.  मग सहाव्या आठवड्यात, गाडी यायच्या आदल्या दिवशी, आत्याने कापडी ट्रक सुटा करायला काढला. या कारखान्यात काही फुकट जात नाही. ट्रकचे एप्रन होणार होते. पहिलीच दोरी ओढली आणि तिचा हात थांबला. तिने मोजपट्टी लावली. एकदा, दोनदा. मग मोठ्याने हाक मारली.

"अगं, इकडे ये जरा. ही दोरी तूच ओवलीस ना?"

"हो आत्या."

"तुला माया दिसली नाही?"

"दिसली."

"मग?"

"मला वाटलं, तुम्ही विचार करूनच ठेवली असेल."

आत्याने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागाने नाही. एखादं कापड पहिल्यांदा हातात आल्यावर त्याचा पोत बघतात तसं. मग ती हसायला लागली.

"म्हणजे हा मेला एक फुटाने मोठा होता! मोठा असून वळला! अरे, कुठे आहेस रे? ये, तुझ्या लोखंडाचं ऐकायचंय मला. खरी गाडी तर याच्याहून एक फूट आखूड आहे. नाकावरून नाचत जाईल. पुन्हा तीच पैज लावते, बोल. खऱ्या गाडीवर. कॅम्पवाल्याच्या समोर."

पुतण्याचा चेहरा पडला. आतोबा कोपऱ्यात शब्दकोडं सोडवत होते. त्यांचाही पडला, पण तो कोणी पाहिला नाही. पाहिला तो फक्त सुनेने.

"आणि गाडी कोण चालवणार?" पुतण्याने विचारलं. "मी चालवली आणि अडकली तर म्हणाल, मुद्दाम अडकवली."

"म्हणेनच. म्हणून तू नाहीच." आत्याने कात्री उचलून सुनेकडे रोखली. "ही चालवेल. लायसन्स आहे, हात स्थिर आहे. आणि कात्री जिला हवी, तिनेच स्टिअरिंग धरावं. बघू, काय करते ते."

त्या संध्याकाळी आतोबांनी सुनेला मागच्या दारी, नळापाशी गाठलं.

"सूनबाई, एक बोलायचं होतं."

"डावी टाच झिजलीय, आतोबा. चप्पल बदला."

आतोबा उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले. "पाहिलंस तू?"

"पाहिलं, आणि पुसलं."

"तिने मला विचारलं गं, जमतंय ना म्हणून. काय सांगणार होतो?" मग मास्तरांचा स्वभाव वर आला. "किती सरकलो असेन मी?"

"दीड फूट."

"आणि ट्रक जास्त होता एक फूट. दीडातून एक गेला, म्हणजे सहा इंच कमी पडतात. अडकणार."

"आतोबा, लांबीतून रुंदी कशी वजा करता? वळणाचं गणित असं होत नाही."

"मग कसं होतं?"

"मला काय माहीत? मास्तर तुम्ही."

आतोबांनी रात्री जेवणापूर्वी वहीचं एक पान भरलं. मग दुसरं भरलं. पहिल्याप्रमाणे गाडी चार इंचांनी सुटत होती, दुसऱ्याप्रमाणे तीन इंचांनी अडकत होती. दोन्ही पानं फाडून त्यांनी खिशात ठेवली.

सांगून टाकता येईल का, याचा दोघांनी विचार केला. आतोबांनी सांगितलं, तर सदतीस वर्षांत पहिल्यांदा आत्याचा विश्वास त्यांनी मोडला असता, आणि तोही तिच्याच बाजूने. सुनेने सांगितलं, तर तिच्या तोंडी ते कात्रीसाठी केलेली चुगली वाटलं असतं. तो बेत दोघांनी सोडला. मशीनदुरुस्तीवाल्याला सगळं माहीत असावं असा संशय आहे. तो त्या आठवड्यात आतोबा दिसले की विनाकारण कण्हत असे.

गाडी शुक्रवारी आली. राखाडी, उंच, साडेसहा फुटी हौद्याची. शनिवारी सकाळी चार तंबू चढले. बारा खांब किंचित तिरके ठेवले, आणि फाळका बंद झाला. तो बंद झाल्याचा आवाज ऐकून आत्याने पुतण्याकडे असं पाहिलं की त्याने न विचारता दोरी आवळायला घेतली. कात्री आत्याने बरोबर घेतली होती. ती स्वच्छ फडक्यात गुंडाळून तिने समोर डॅशबोर्डवर ठेवली, ड्रायव्हरला दिसेल अशी.

दहा पन्नासला गाडी निघाली. सून स्टिअरिंगवर, शेजारी आत्या, मागच्या सीटवर पुतण्या आणि मशीनदुरुस्तीवाला. आतोबा नाकापाशी आधीच जाऊन उभे होते. मागच्या उजव्या चाकाकडे आपण लक्ष ठेवतो, असं ते म्हणाले. आपली त्यावर जुनी ओळख आहे, असं ते म्हणाले नाहीत. वळणाच्या वर कॅम्पवाला चहाचा मग घेऊन दगडावर बसला होता.

अकरा वाजून चार मिनिटांनी गाडी उंचवट्यावरून गेली. पोट टेकलं नाही. हौदा भरलेला असूनही दोन बोटं राहिली. सुनेने गाडी बाहेरच्या कडेला नेली, इतकी की पुतण्याने खिडकीतून खाली पाहिलं आणि पुन्हा पाहिलं नाही. मग तिने स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण फिरवलं. गाडी वळायला लागली. अर्धी वळली. मागचं उजवं चाक खडकाकडे सरकत गेलं. आतोबांनी एक हात वर केला, पण तो थांब सांगायला होता की डोळ्यांवर ऊन येत होतं म्हणून, ते नक्की कळलं नाही.

सुनेने ब्रेक दाबला.

"का थांबलीस?" आत्याने विचारलं.

"मोजतेय."

"मोजपट्टी माझ्या गळ्यात आहे."

"डोळ्यांनी मोजतेय. आरशात."

"मग? काय भरतंय?"

"पुढे घेतली तर कदाचित जाईल. नाहीतर नवीन गाडीचं अंग खडकाला लागेल. थोडी मागे घेऊन पुन्हा पुढे घेतली, तर नक्की जाईल."

"बघा आत्या," मागून पुतण्या म्हणाला, "ती खरं तेच सांगतेय."

"तू गप्प बस. तू बायकोचा नवरा आहेस." आत्या सुनेकडे वळली. "खडकापासून किती?"

"चार बोटं असतील."

"तुझी की माझी?"

"माझी. तुमची जाड आहेत."

मशीनदुरुस्तीवाल्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात घातलं. आत्याने काच खाली करून मागे पाहिलं. तिथून तिला खडक दिसत नव्हता. आतोबा दिसत होते.

"काय हो," तिने विचारलं, "जमतंय का?"

 आतोबांनी खडकाकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं, आणि खिशातून वहीची दोन्ही पानं बाहेर काढली.

"तुम्ही वाचत बसू नका. हो की नाही, ते सांगा."

"सांगता येत नाही," आतोबा म्हणाले. आत्याने काच वर केली आणि सुनेकडे पाहून म्हणाली, "आज पहिल्यांदा हे सरळ बोलले. आता तूच ठरव. पण मला सांगू नकोस. करून दाखव."

सुनेने कात्रीकडे पाहिलं, मग आरशाकडे. तिचा डावा हात स्टिअरिंगवरून निघून गिअरच्या दांड्यावर गेला. पहिला गिअर तिथून वर असतो आणि रिव्हर्स खाली.

अकरा वाजून चौदा मिनिटांनी गाडी त्याच जागी होती. इंजिन चालू होतं, पुढची चाकं पूर्ण उजवीकडे वळलेली होती. दगडावर बसलेल्या कॅम्पवाल्याला गाडीचा मागचा भाग स्पष्ट दिसत होता, आणि त्याने नंतर खात्रीने सांगितलं ते एवढंच, की तोपर्यंत तरी रिव्हर्स टाकला की लागतो तो मागचा पांढरा दिवा लागलेला नव्हता.